साडूंचे बर्फाचे टायर

कुठल्याही गोष्टीचा सर्व बाजूंनी विचार करणारा माणूस बघायचा असेल, तर सौदीतल्या दम्मामला येऊन आमच्या साडूंना भेटावं. मात्र येताना वेळ भरपूर घेऊन यावं. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान आमच्याच इमारतीत, आमच्या डोक्यावरच्या मजल्यावर राहतात. तेल कंपन्यांना पंप पुरवणाऱ्या एका फर्ममध्ये इंजिनिअर आहेत आणि ऑफिसात म्हणे फार पटापट निर्णय घेतात. घेत असतील बुवा. घरी मात्र पडदे घ्यायचे ठरल्यापासून ते प्रत्यक्ष लागेपर्यंत ताईंनी खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवून दोन उन्हाळे काढले. हॉटेलात आमची जेवणं आटोपून आम्ही बडीशेप चघळत असतो, तेव्हा साडू वेटरला विचारत असतात, "दाल फ्राय और दाल तडका में एक्झॅक्ट फरक क्या है?"

पण त्यांचा खरा जीव गाडीच्या टायरांत. दर शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी सकाळी, चहाच्याही आधी, ते खाली जाऊन चारही चाकांतली हवा तपासतात. टायर कुठल्या वर्षी, कुठल्या आठवड्यात तयार झाला ते त्याच्या कडेवर छापलेलं असतं, हे मला त्यांच्यामुळेच कळलं. मॉलच्या पार्किंगमध्ये ते परक्या गाड्यांपाशी उकिडवे बसून ते आकडे वाचतात. एकदा एक सौदी गृहस्थ सहकुटुंब आपल्या गाडीकडे आले, तर हे त्यांच्या मागच्या चाकाशी बसलेले. साडू शांतपणे उठले आणि होतं नव्हतं तेवढं अरबी गोळा करून म्हणाले, "सदीक, टायर खलास." सदीक म्हणजे मित्र. त्या भल्या माणसाने वाकून पाहिलं, कपाळावर हात मारला आणि गाडीतून खजुराचा डबा काढून ह्यांच्या हातात ठेवला. त्या डब्यामुळे साडूंचं हे वेड कायमचं पक्कं झालं.

अशा घरात एका हिवाळ्यात त्यांचे वडील व्हिजिट व्हिसावर राहायला आले. नाना. रत्नागिरीकडच्या एका गावातल्या शाळेत त्यांनी आयुष्यभर भूगोल शिकवला होता. इथल्या नळाचं पाणी समुद्राचं गोडं केलेलं आहे हे कळल्यावर पुढचे दोन दिवस ते नळ फार आदराने उघडत होते. एकदा आम्ही सगळे वर जेवायला बसलो असताना साडूंनी मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. तबूककडचा डोंगर बर्फाने पांढरा झालेला, आणि त्या पांढऱ्यात गोंधळून उभे राहिलेले चार उंट. नानांचा भात कालवणारा हात थांबला.

"हे सौदीतलं?"

"हो नाना. पार वर, जॉर्डनच्या हद्दीकडे."

"एवढी वर्षं हिमनदी शिकवली मी. फळ्यावर खडूने काढून," नाना म्हणाले. "आणि बर्फ पाहिला तो काय, मासळीबाजारातला." आम्ही हसलो, तेही हसले. मग ताटाकडे बघत हळूच म्हणाले, "जाता येईल काय रे तिथे?"

"का नाही? गाडीने जाऊ आपण," साडू म्हणाले. नानांच्या चेहऱ्यावर सहलीची नोटीस लागल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर येतो तसा आनंद पसरला.

दुसऱ्या दिवसापासून साडू विचाराला बसले. बर्फात साधे टायर घसरतात, म्हणजे हिवाळी टायर हवेत. पण हिवाळी टायरचं रबर मऊ. तबूकपर्यंतचा दीड हजार किलोमीटरच्या वरचा वाळवंटी रस्ता दुपारच्या उन्हात ते कुरतडून खाणार. म्हणजे ते गाडीत टाकून न्यायचे आणि तिथे चढवायचे. पण चार टायर गाडीत घातले, तर नाना कुठे बसणार? मग बाराही महिने चालणारे ऑल-सीझन टायर घ्यावेत, तर त्यांच्यावर साडूंचा विश्वास नव्हता. "सगळ्यांशीच गोड बोलतो ना, तशा माणसाला मी जामीन राहत नाही," ते म्हणाले. शिवाय हिवाळी टायर घेतले, तर वर्षाचे उरलेले महिने ठेवायचे कुठे? बाल्कनी पश्चिमेची, तिथे रबर भाजून निघेल. इमारतीच्या रखवालदाराने त्याच्या खोलीच्या दारात आडवं उभं राहून नकार दिला. एका संध्याकाळी ते टेप घेऊन आमच्याकडे आले आणि आमच्या पलंगाखाली माप घेऊ लागले. माझी बायको म्हणाली, "भावजी, तिथे माझ्या बॅगा आहेत. आणि वर आम्ही झोपतो." टायरच्या दुकानातल्या मलबारी मालकानेही हात टेकले. "साब," त्याने विचारलं, "बर्फ देखने जाना है, या बर्फ में रहने जाना है?"

"विमानाने घेऊन जा ना त्यांना," बायकोने सुचवलं. "तिथे गाडी भाड्याने मिळते."

"मिळते. पण तिच्या टायरचं वय कोण सांगणार?"

शेवटी हिवाळी टायर मागवले. ते यायला वेळ लागला, आणि आल्यावर ठेवले नानांच्याच खोलीत, कारण घरात ऊन न येणारी खोली तेवढीच. नानांनी दोन टायर एकावर एक रचून वर पंचा घातला आणि ते त्यावर बसून पेपर वाचू लागले. "रबराचा वास येतो, पण फार नाही," एवढंच म्हणाले. आता निघायचं, असं साडूंनी जाहीर केलं, पण अर्ध्या वाटेत टायर बदलून देणारं दुकान कुठलं, ह्याची चौकशी सुरू झाली. ती संपेपर्यंत तबूकला स्वच्छ ऊन पडलं आणि डोंगर पुन्हा तपकिरी झाला. लगोलग नानांचा व्हिसाही संपला. विमानतळावर साडू म्हणाले, "नाना, पुढच्या वर्षी नक्की. आता तर टायरही आहेत."

"हो हो," नाना म्हणाले. "बर्फ कुठे पळून जातोय!"

पुढच्या पावसाळ्यात गावाहून फोन आला. नानांना काचबिंदू होता. चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणून त्यांनी बरेच दिवस कुणाला सांगितलंच नव्हतं. गेलेली नजर परत यायची नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. आता त्यांना फक्त उजेड आणि सावली कळते. साडू रजा काढून गेले, आले, आणि नंतर कितीतरी शुक्रवार गाडीकडे फिरकलेसुद्धा नाहीत. ते टायर कुणाला देऊन टाकले ते ताईंनाही कळलं नाही.

हिवाळ्यात तबूकला पुन्हा बर्फ पडला. एका गुरुवारी साडू ऑफिसातून थेट आमच्या दारात उभे राहिले. "साडूभाऊ, निघायचं?"

"आणि टायर?"

"आहेत तेच."

आम्ही निघालो. आळीपाळीने गाडी चालवत, वाटेत हाइलला मुक्काम करून, शनिवारी तिथे पोचलो. रस्ता शेवटपर्यंत कोरडा ठणठणीत होता. जिथे बर्फ सुरू होत होता, तिथे पोलिसांनी सगळ्याच गाड्या अडवून ठेवल्या होत्या. पुढे ज्याने त्याने चालत जायचं. माणसं साध्या पिकअपमधून आली होती, पायांत चपला होत्या, शेकोट्यांवर चहाच्या किटल्या चढल्या होत्या. कुणाचे तरी आजोबा घडीच्या खुर्चीत घोंगडी पांघरून बसले होते. साडूंनी सवयीने दोन-तीन गाड्यांच्या चाकांकडे पाहिलं, आणि मग पाहायचं सोडून दिलं.

"इथे काहीच लागत नव्हतं हो," ते म्हणाले. "नुसतं यायला हवं होतं."

वर चढून गेल्यावर त्यांनी फोन लावला. "नाना, बर्फात उभा आहे."

पलीकडून नानांचा वर्गातला आवाज आला, "कसा आहे?"

"पांढरा आहे, नाना."

"ते मला ठाऊक आहे. नीट बघून सांग. उन्हातला कसा, सावलीतला कसा?"

साडू बघत राहिले. मग सावकाश सांगू लागले. उन्हातल्याकडे बघवत नाही, डोळ्यांत पाणी येतं. सावलीतला निळसर दिसतो. "निळसर?" नाना म्हणाले. "मी मुलांना पांढराच सांगत आलो रे." पायाखाली कसा वाजतो, ते त्यांनी विचारलं. कोरड्या पोह्यांवर पाय पडल्यासारखा, साडूंनी सांगितलं. मुठीत घेऊन बघ, नाना म्हणाले. साडूंनी घेतला. बोटं लाल झाली, मनगटावरून पाणी शर्टाच्या बाहीत शिरलं, तरी नाना पुरे म्हणेपर्यंत त्यांनी मूठ सोडली नाही. एकाही उत्तराची सुरुवात त्यांनी आपल्या नेहमीच्या 'तसं बघितलं तर'ने केली नाही. मी थोडा दूर जाऊन उभा राहिलो.

परत निघताना त्यांनी किल्ली माझ्याकडे दिली आणि स्वतः बाजूला, मागे वळून बसले. उतार संपला, सपाट वाळवंट सुरू झालं, तरी ते काचेतून मागेच बघत होते.

"अजून दिसतोय," ते म्हणाले.

मी गाडी आणखी हळू केली.