टाक्यांमागची लपाछपी

गल्लीच्या टोकाला तिची छोटी ब्रुअरी होती. तीन टाक्या, आठ टेबलं, काउंटरवर नवरा. बिअर ती स्वतः बनवायची आणि तोंडही तिचंच चालायचं. पलीकडच्या मोठ्या कारखान्याची बिअर म्हणजे ग्लास विसळलेलं पाणी, असं ती गिऱ्हाइकांना हसत हसत सांगायची. दाराबाहेरच्या फळ्यावर खडूने तेच लिहून ठेवलं होतं.

गंमत म्हणजे तिची बिअर आंबवणारं यीस्ट त्याच कारखान्यातून यायचं. तिथे तीस वर्षं टाक्या सांभाळणारे काका दर गुरुवारी सायकलला स्टीलचा डबा अडकवून यायचे. "नाहीतरी आम्ही गटारातच ओततो, पोरी," म्हणायचे. फळा वाचून मिशीत हसायचे, एक ग्लास प्यायचे आणि जायचे.

मग मंदी आली. लोकांनी आधी बाहेर बसून पिणं सोडलं, मग घरी नेतानाही स्वस्तातलं बघू लागले. कारखान्याने भाव पाडले आणि दोन पाळ्या बंद केल्या. तिला भाव पाडणं परवडणारं नव्हतं. आठातली सहा टेबलं ओस पडली. काकांनाही घरी बसवलंय, हे तिला माल्टचं धान्य पुरवणाऱ्याकडून कळलं.

पुढच्याच गुरुवारी खिडकीतून सायकल दिसली, तशी ती टाक्यांमागे सटकली.

"मी नाहीये म्हणून सांग," ती नवऱ्याला म्हणाली.

"अगं, पण..."

"काम मागतील. कुठल्या तोंडाने नाही म्हणू?"

नवऱ्याने थाप मारली, ती त्याला अजिबात जमली नाही. "बरं बरं," काका म्हणाले. "तिला सांग, हा शेवटचा डबा. जपून वापरलंत तर बिअरच्या पाच-सहा खेपा निघतील. तळाचा गाळ घ्यायचा नाही, मधला पांढरा थर घ्यायचा." काम त्यांनी मागितलंच नाही.

रविवारी सकाळी ती त्यांच्या घरी गेली. काका भांडी घासत होते. आतल्या खोलीत काकू लोकांच्या कपड्यांना इस्त्री करत होत्या.

"काका, त्या दिवशी मी आतच होते."

"माहितीये. टाकीखालून तुझे गमबूट दिसत होते."

तिला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. "मला वाटलं, तुम्ही काम मागाल."

"मागणारच होतो," काका ताट पुसत म्हणाले. "बूट दिसले आणि जीभच उचलेना."

काकूंनी चहा दिला, तो तिने उभ्या उभ्याच प्यायला.

सहा महिन्यांत तिच्याही दाराला कुलूप लागलं. काकांना तोवर दूध डेअरीत कॅन धुण्याचं काम मिळालं होतं. तिच्यासाठी तिथे शब्द टाकला तो त्यांनीच. पहिल्या दिवशी मुकादमाने विचारलं, "हे तुमचे कोण?"

काका शेजारीच उभे होते. तिला पटकन नातं सांगता आलं नाही. तिने मान खाली घातली आणि समोरचा कॅन घासायला घेतला.