खुर्ची फिरवून पाहिलेलं आकाश

आकाशात क्षणभर चमकून विझणारा प्रकाश पाहिला की माणसाला आपल्या क्षुद्रपणाची जाणीव होते, असं म्हणतात. आमच्या तळवड्याच्या सोसायटीत तसं काही झालं नाही. समिती झाली.

प्रकाश पहिल्यांदा दिसला तो आमच्या शेजारच्या काकांना. काका एका कारखान्याच्या टूलरूममधून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. केसाहून बारीक फरक पकडण्यात त्यांची पस्तीस वर्षं गेली, आणि ते काम त्यांनी जाड भिंगांचा चष्मा लावून केलं. संध्याकाळी अंधारून आलं की ते गच्चीवर प्लास्टिकच्या खुर्चीत बसतात. फेब्रुवारीत एकदा त्यांना आकाशात ठिणगी उडाल्यासारखं दिसलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी त्यांनी शंभर पानी वही आणली.

काकूंचं मत वेगळं होतं. "ह्यांचा डोळा बिघडलाय," त्या मला लिफ्टमध्ये म्हणाल्या. "माझ्या थोरल्या भावाला अस्संच दिसायचं. वीज चमकते म्हणायचा. महिनाभरात एक डोळा गेला. ह्यांना सांगितलं तर म्हणतात, तुझा भाऊ पोस्टात होता."

पोस्टातल्या डोळ्याशी टूलरूमच्या डोळ्याची तुलना काकांना मान्य नव्हती.

"तू क्वालिटीत आहेस ना," काकू म्हणाल्या, "मग ह्यांना तपास एकदा."

मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीत आहे. काम बरंच असतं, पण त्याचा गाभा एवढाच, की कोणी काही दिसलं म्हणालं की विचारायचं, आणखी कोणाला दिसलं का?

तोपर्यंत बातमी सोसायटीच्या अध्यक्षांपर्यंत पोचली होती. अध्यक्षांना कुठलीही गोष्ट लहान राहिलेली सहन होत नाही. मागच्या वर्षी पाण्याची नवी मोटर बसली तेव्हा त्यांनी तिचं लोकार्पण केलं होतं. त्यांनी अवकाश निरीक्षण समिती स्थापन केली, स्वतःला तिचा मार्गदर्शक नेमलं आणि येत्या रविवारी काकांना शाल-श्रीफळ जाहीर करून टाकलं.

"काका, आपल्या सोसायटीचं नाव विश्वात गेलं पाहिजे."

"विश्वात नंतर," काकू म्हणाल्या, "आधी लिफ्टवाल्याकडे जाऊ दे. दार लागत नाहीये चार दिवस."

बुधवारी मी माझी खुर्ची घेऊन गच्चीवर गेले. अट सांगितली, माणसं दोन, वह्या दोन, बोलायचं नाही, बोट दाखवायचं नाही. चमकलं की वेळ आणि दिशा लिहायची.

"मला शिकवतेस?"

"हो."

"बरं."

तळवड्याच्या आकाशाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. चाकणच्या बाजूला ते मंद आचेवर ठेवल्यासारखं तांबूस असतं, आणि उरलेल्या भागात चांदण्या मोजायला दोन हातांची बोटं पुरतात. आम्ही पश्चिमेकडे तोंड करून तासभर बसलो. मग वह्या शेजारी शेजारी ठेवल्या.

लोहगावला उतरणारी विमानं दोघांच्याही वहीत होती. मंगल कार्यालयातल्या फिरत्या शार्पी दिव्यांचे झोत धुरकट हवेवर आपटत होते, तेही होते. आणि एक गोष्ट खरोखर बघण्यासारखी निघाली. उत्तरेकडून एक ठिपका चमकला, विझला, थोडा पुढे जाऊन पुन्हा चमकला, आणि असं करत करत दक्षिणेला गेला. घरी येऊन मी वेळ आणि दिशा उपग्रहांच्या यादीशी ताडून पाहिली. तो एका जुन्या रॉकेटचा रिकामा टप्पा होता. वर कोलांट्या खात फिरतो. आपल्याकडे सूर्य मावळलेला असला तरी तेवढ्या उंचीवर ऊन अजून असतं, आणि टप्प्याची एक बाजू सूर्याकडे वळली की लखलखते.

"म्हणजे आहे!" काका म्हणाले.

"आहे. पण तुमच्या वहीत आणखी पाच आहेत, ते माझ्या वहीत नाहीत."

"तू खाली बघत असशील."

"पाचही वेळा?"

"तुम्ही लोक मोबाइल बघता."

पाचही नोंदींपुढे दिशा एकच होती, दक्षिण. पश्चिमेकडे तोंड केलं की दक्षिण म्हणजे डावी बाजू. मला कळलं होतं, पण पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढलेल्या माणसाला त्याची चूक तोंडाने सांगता येत नाही, ती दाखवावी लागते. मी म्हटलं, "उद्या खुर्च्या फिरवून बसू."

काकांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. ही युक्ती टूलरूममधली आहे. शाफ्ट, म्हणजे गोल दांडा, तपासताना डायलचा काटा हलला, तर दोष शाफ्टचा की मशीनचा हे कळत नाही. मग शाफ्ट सोडवायचा, अर्धा फिरवायचा, पुन्हा बांधायचा. दोष त्याच्याबरोबर फिरला तर शाफ्टचा, जागेवर राहिला तर मशीनचा. काकांनी हे किती जणांना शिकवलं असेल त्याची गणती नाही. मलाही एकदा त्यांनी जिन्यात उभं करून, लाटणं हातात घेऊन शिकवलं होतं.

गुरुवारी आम्ही पूर्वेकडे तोंड करून बसलो. दहा मिनिटांनी काकांनी काहीतरी लिहिलं. थोड्या वेळाने पुन्हा लिहिलं. तिसऱ्यांदा त्यांचा पेन कागदावर टेकून तसाच राहिला.

"उत्तर," ते म्हणाले. न बोलण्याची अट त्यांनीच मोडली. पूर्वेकडे तोंड केलं की डावीकडे उत्तर येते. आकाश आपल्या जागी होतं. चमक खुर्चीबरोबर फिरली होती.

मग त्यांनी दोन्ही डोळे मिटले.

"मिटूनही चमकतंय," ते म्हणाले. आणि क्षणभराने, "चल. हिला हाक मार."

हाक मारावी लागली नाही. काकू चपला घालून दारातच उभ्या होत्या, चष्म्याच्या जुन्या नंबरांची फाइल पिशवीत घालून. पिशवी सोमवारपासून भरलेली होती.

चिंचवडचा डोळ्यांचा दवाखाना बंद व्हायच्या बेतात होता. डॉक्टरीणबाईंनी थेंब घातले, वेळ घेऊन पाहिलं, आणि डाव्या डोळ्याच्या पडद्याला चीर पडल्याचं सांगितलं. पडदा अजून सुटला नव्हता. "उद्या सकाळी लेझर करू. काका, तुम्ही रविवारनंतर आला असतात तर मला एवढ्या निवांत बोलता आलं नसतं."

काकांनी एकच प्रश्न विचारला, "तुमचं मशीन कॅलिब्रेट कधी केलंत?" बाईंनी मशीनच्या मागचा स्टिकर दाखवला. काकांनी तो चष्म्याशिवाय, डोळ्यात थेंब असताना, तारखेसकट वाचायचा प्रयत्न केला आणि मग मलाच वाचायला लावला.

लेझर झालं. डोळा वाचला. शनिवारी अध्यक्ष भेटायला आले. "काका, सत्कार होऊन जाऊ दे. शोध तर लागलाच आहे की."

"लागला तो हिला," काका काकूंकडे मान करून म्हणाले. "माझ्या आठवडाभर आधी. शाल हिला द्या."

अध्यक्षांनी प्रामाणिकपणे विचार केला. "पण फ्लेक्सवर तुमचा फोटो आलाय."

कार्यक्रम रद्द झाला. काका आता पुन्हा गच्चीवर बसतात, आणि रॉकेटचा तो रिकामा टप्पा अधूनमधून जातो, त्याची नोंद करतात. फ्लेक्स दहा बाय सहाचा आहे, वर काकांचा फोटो आणि खाली "विश्वाच्या रहस्याचा वेध". तो गच्चीवरच्या झाकण तुटलेल्या टाकीवर, छापील बाजू आकाशाकडे करून बांधला आहे. तेव्हापासून पाण्यात पारव्यांची पिसं येत नाहीत.