डबीचा सूर

कुठलीही वस्तू हातात आली की मास्तर आधी तिला नखानं टिचकी मारायचे आणि कानाशी धरायचे. चहाचा ग्लास, पितळी तांब्या, काहीही असो. नारळ तर तुम्हीआम्ही सगळेच वाजवून घेतो, पण मास्तर दुकानाचं कुलूपसुद्धा वाजवून घ्यायचे. "आधी सूर, मग बाकी," म्हणायचे. कुलूपवाला हसायचा. मास्तर हसायचे नाहीत.

भिंगारच्या बाजारात आमच्या बँड पार्टीचं दुकान होतं. मास्तर क्लॅरिनेट वाजवायचे, मी मोठा ढोल. मी तिसरीतून शाळा सोडलेला माणूस. मला राग-बीग कळत नाही, पण माझा ठेका कधी चुकला नाही, हे मी आजही कुणापुढं सांगेन. मास्तर मला 'पैलवान' म्हणायचे.

लग्नसराईत आम्ही चार-चार दिवस बाहेर असायचो. आज शेवगाव, उद्या त्याच्या पुढचं खेडं. इकडं दुकान बंद. लग्नाची सुपारी द्यायला आलेला माणूस कुलूप बघून मागं फिरायचा, आणि बाजाराच्या दुसऱ्या टोकाला दुसऱ्या पार्टीचं दुकान उघडंच असायचं. आमची वाजवणारी माणसं चुळबुळायला लागली होती. आणखी एक सराई अशी गेली तर पार्टी मोडणार, हे सगळ्यांना दिसत होतं.

तेव्हा नुकते पेजर निघाले होते. मोबाईल आमच्यासारख्यांनी नुसता ऐकलेला. पेजर म्हणजे कमरेला लावायची काडेपेटीएवढी डबी. कुणी कंपनीला फोन करून निरोप सांगितला की डबी वाजायची, तिच्या पट्टीवर निरोप उमटायचा आणि आपण बूथवर जाऊन उलटा फोन करायचा. दोन कंपन्यांचे दोन एजंट एकाच दुपारी दुकानात आले. दोघांच्या गळ्यात टाय, दोघांना घाम.

पहिला म्हणाला, "आमचा निरोप शेवगावच्याही पुढं जातो."

दुसरा म्हणाला, "आमचा सध्या नगर आणि भिंगार. बाकी लवकरच."

मास्तर म्हणाले, "वाजवून दाखवा."

पहिल्याची डबी वाजली. मास्तरांनी दात दुखल्यासारखा चेहरा केला. दुसऱ्याची वाजली. मास्तरांनी क्लॅरिनेट उचललं, एक स्वर धरला आणि म्हणाले, "पुन्हा." पुन्हा वाजली. दोन्ही आवाज एकात एक असे मिसळले की मलाही कळलं, आणि मला कळलं म्हणजे बघा.

"हीच," मास्तर म्हणाले.

मी म्हणालो, "मास्तर, हिच्यावर गाणं न्हाई ऐकायचं, सांगावा घ्यायचाय. आपल्या सुपाऱ्या समद्या शेवगावाकडच्या हायेत."

"पैलवान, नवरदेवापुढं मी सूर लावलाय आन् कमरंला हे बेसूर कोकललं, तर लोक कुनाला हसतील?"

"लवकरच म्हंजी कवा, तेवढं तरी इचारा."

"तू ढोल बडव."

झालं. दुकानाच्या पाटीवर, कार्डांवर आणि माझ्या ढोलाच्या कातड्यावर त्या डबीचा नंबर रंगवला गेला. मी चार दिवस बोललो नाही. ढोल माझा होता.

सुरुवातीला डबी गावात वाजायची. वाजली की मास्तर आधी डोळे मिटून ऐकायचे, मग निरोप वाचायचे. मजा वाटायची. पण टेम्पो शहराबाहेर पडला की डबी मुकी व्हायची, आणि सराईत आम्ही शहराबाहेरच असायचो.

शेवगावात हमालांचे एक मुकादम होते. त्यांच्या घरचं प्रत्येक लग्न आम्हीच वाजवलेलं. धाकट्या मुलीचं लग्न ठरलं. आम्ही आदले दोन दिवस तिकडच्याच एका खेड्यात होतो. तिथून गणवेश चढवून, पितळ पुसून, ठरल्या तारखेला मुकादमांच्या दारात उतरलो. मांडव सोडणं चाललं होतं.

मुकादम कमरेवर हात ठेवून बघत राहिले. "मास्तर, लगीन काल झालं. नवरदेव मिलट्रीतला, त्याची रजा कमी झाली. दोनदा निरोप टाकला तुमच्या डबीवर. शेवटी त्या दुसऱ्या पार्टीला बोलावलं. त्यास्नी त्यांच्या डबीवर लगेच कळलं."

मास्तरांनी डबी काढून बघितली. पट्टी कोरी होती.

"पोरगी हाय का घरात? तिच्यापुरतं एक वाजवतो."

"सकाळीच गेली सासरी."

मुकादम चांगला माणूस. जेवल्याशिवाय सोडेना. आम्ही लाल-सोनेरी गणवेशात पंगत धरून कालची बुंदी खाल्ली. कुणी कुणाकडं बघितलं नाही.

परत आल्यावर मास्तर पहिल्या कंपनीच्या एजंटाकडं स्वतः गेले. मी बरोबर होतो. "ती तुमचीच बेसूर डबी द्या. नंबर मात्र हाच ठेवा, गावोगाव वाटलाय."

एजंट म्हणाला, "बाबा, तो नंबर त्यांचा. आमच्याकडं यायचं तर नवा नंबर."

मास्तर दुकानाबाहेर येऊन पायरीवर बसले. जुना नंबर शेकडो घरांत पोचलेला. तो सोडावा तर आम्ही कुणाला सापडणार नव्हतो, आणि धरावा तरी सापडत नव्हतो. त्यांनी धरला. माझ्यासारखाच हट्टी माणूस, मी काय बोलणार?

पुढच्या सराईआधी ट्रंपेटवाला दुसऱ्या पार्टीत गेला. मग साइडड्रमवाला. मग सगळेच. मला तिकडून बोलावणं आलं, मी गेलो नाही. मी हमालीला लागलो. मास्तर एकटेच दुकान उघडून बसायचे. भाडं थकल्यावर तेही बंद झालं.

नंतर एकदा बाजारातून वरात जाताना दिसली. दुसऱ्या पार्टीची. पुढं हातगाडीवर की-बोर्ड आणि दोन मोठे भोंगे. मागच्या रांगेत मास्तर होते. गणवेश दुसऱ्याच्या मापाचा, बाह्या कोपरापर्यंत चढलेल्या. क्लॅरिनेट ओठांना होतं, गाल फुगले होते, बोटं भराभर चालत होती. मी गर्दीत घुसून अगदी त्यांच्या शेजारून चाललो. कान दिला. त्या भोंग्यांखाली त्यांचा एक स्वरही मला ऐकू आला नाही.

"मास्तर!" मी ओरडलो.

त्यांनाही ऐकू गेलं नाही. वरात पुढं सरकली, आणि त्यानंतरच्या वरातींत मी त्या रांगेकडं बघायचो, तेव्हा मास्तरांच्या जागी दुसराच कुणीतरी असायचा.