नवस तपासणारे आबा

कोणाच्या घरी कॅन्सरचा रिपोर्ट आला की आमच्या बऱ्हाणपुरातल्या राजपुऱ्यातले आबा आधी एकच विचारायचे, "देवीला काय बोललात?" घरचे रडत असायचे, मुंबईला सोबत कोण जाणार यावर वाद चाललेले असायचे आणि हे खुर्ची ओढून नवसाची चौकशी करायचे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला म्हातारा सरकलाय असंच वाटायचं. मलाही वाटलं होतं.

आमच्याकडे 'गाठ जाऊ दे, वरण-बट्टीचं जेवण घालीन' असा नवस बोलतात. मुंबईला दोन-तीन किमो झाल्या की कधीकधी गाठ हाताला लागेनाशी होते. मग घरात आनंदीआनंद, केळीच्या पानांवर पंगती उठतात. आणि एकदा नवस फेडला की पुन्हा दवाखान्यात जाणं म्हणजे देवीवर अविश्वास. ऑपरेशन राहतं, मशीनचा शेक, म्हणजे रेडिएशन, राहतो. पुढे काय होतं ते आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे.

आबांची बायको अशीच गेली. तेव्हा ते कागद कारखान्यात नोकरीला होते. त्या जेवणाच्या बट्ट्या त्यांनी स्वतःच्या हातानं वाढल्या होत्या, आणि हे ते कोणापासून लपवत नसत.

म्हणून ते लोकांच्या नवसाचे शब्द बदलून घ्यायचे. "बाई, देवीला साफ बोलायचं. गाठ गेली तर नाही. मोठा डॉक्टर बोलला का आता यायचं काम नाही, तेव्हा बट्ट्या." समोर उभे राहून बोलून घ्यायचे. एखादी आजी तणतणायची, "तुम्ही काय देवीचे वकील लागून गेले का?" आबा म्हणायचे, "हो, वकीलच. चहा टाका." आणि चहा पिऊनच उठायचे.

बहादरपूरच्या माझ्या सुमनवहिनीच्या छातीत गाठ निघाली तेव्हा मीच आबांना घेऊन गेले. वहिनीनं त्यांच्यापुढे हात जोडून अगदी त्यांच्याच शब्दांत नवस केला. आम्ही निर्धास्त झालो. काही किमो घेऊन ती घरी आली, गाठ बोटांना लागत नव्हती, आणि तिच्या माहेराहून, चांदनी गावाहून, आईचा निरोप आला, सगळे जेवायला या. आईनं तिकडे आपला वेगळा नवस बोलला होता, गाठ जाण्याचा.

जेवण झालं. ऑपरेशनची तारीख जवळ आली तेव्हा वहिनी मुंबईचं नाव काढू देईना. आबा आले. "पोरी, तो तुझ्या आईचा नवस होता. तुझा बाकी आहे."

"देवी तर एकच आहे ना आबा? तिनं गाठ नेली आणि मी तिथंच चाकू लावून घेऊ? तिला झूठी पाडू?"

माझा भाऊ खाली मान घालून म्हणाला, "आणि तिकडं पुन्हा महिना-महिना राहायचं कोणी? केळी कापणीला आली. हा इलाज बऱ्हाणपुरातच असता तर रोज मोटरसायकलवर नेलं असतं, आबा."

आबांनी त्या दिवशी चहाही घेतला नाही.

पोळ्याच्या सुमाराला गाठ काखेत उठली. दिवाळी वहिनीनं पाहिली नाही. मला त्या पंगतीचा आजही राग येतो, तिच्या आईचाही येतो. आणि लेकीची गाठ गेल्याचं ऐकून त्या माउलीनं दुसरं काय करायचं होतं, हेही कळतं. मग राग कोणावर काढावा तेच कळत नाही.

तेराव्याला आबा माझ्याजवळ येऊन बसले. "मी सासरचा नवस पाहिला," म्हणाले, "माहेरचा विचारलाच नाही." त्यानंतर त्यांनी कोणाकडे जाणं सोडलं.

परवा पलीकडच्या गल्लीत एका सुनेचा रिपोर्ट आला. मी आबांना बोलवायला गेले. ओट्यावर बसले होते, उठले नाहीत. "कोणाकोणाचा नवस पाहू? मावशीचा, आत्याचा? देवी गल्लीगल्लीत आहे, बाई. डॉक्टर मुंबईत आहे."

मी एकटीच गेले. आबांचे शब्द मला पाठ होते. सुनेच्या सासूनं मला पाट दिला, पाणी दिलं आणि डोळे पुसत म्हणाली, "नवस तर झाला ना बोलून. माझा झाला, तिच्या आईचा झाला, नणदांचापण झाला. आता फक्त गाठ जायची वाट पाहायची."