दाराकडची मोकळी जागा

बीडमध्ये माझं काम टिकलं ते मिस्त्रींमुळे. हे आधी सांगून टाकते, काय झालं ते मागाहून सांगीन.

मिस्त्रींना पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटायचं, हा माणूस कामचुकार आहे. गाडी आमच्या सीट-कव्हरच्या दुकानापुढं लागली की ते बॉनेट उघडायचे, बॅटरीची काळी तार सोडवायचे, तिचं टोक फडक्यात गुंडाळून बाजूला सारायचे आणि दोन्ही हात काखेत घालून पायरीवर बसायचे. शेजारच्या टपरीवरून चहा मागवायचे. तो पिऊन होईपर्यंत सीटला हात लावायचे नाहीत आणि कुणाला लावू द्यायचे नाहीत. गिऱ्हाईक घड्याळात बघायचं.

"मिस्त्री, चालू करा की. कोर्टात तारीख हाय माझी."

"गाडीला इसरू द्या."

"काय इसरू द्या?"

"तार काढली तरी तिच्या अंगात करंट ऱ्हातो थोडा टाइम. आत्ता पिवळ्या तारेला हात लावला अन् पिशवी फुटली, तर कोर्टात तुमच्यासंगं मलाबी यावं लागंल."

ती पिवळी तार सीटच्या खाली असते. तुमच्याकडे अलीकडची गाडी असेल तर वाकून बघा, हात मात्र लावू नका. सीटच्या दाराकडच्या कडेत एक पिशवी घडी करून ठेवलेली असते. बाजूनं धडक बसली की ती पापणी लवायच्या आत कड फाडून बाहेर येते, माणूस आणि दार यांच्या मधे. तिला हुकूम या पिवळ्या तारेतून जातो. हे सगळं मला मिस्त्रींनी सांगितलं. माझं शिक्षण सातवीपर्यंत. मी गोंदियाकडची. नवऱ्याच्या टिप्परच्या कामामागे इकडे आले. रस्त्याचं काम संपलं, टिप्पर पुढच्या जिल्ह्यात गेला. पोरगी शाळेत रमली होती म्हणून मी राहिले. शिवणकाम येत होतं, तेवढ्यावर गाड्यांच्या सीटच्या या दुकानात काम मिळालं.

पहिल्या दिवशी मालकांनी रेग्झीनचा तुकडा दिला आणि म्हणाले, शिवून दाखवा. माझा हात इतका कापत होता की शिवण सापासारखी गेली. मालक काही बोलायच्या आत मिस्त्री तुकडा उचलून म्हणाले, "हात चांगला हाय. भेलेला हाय, ते जाईल." ते गेलं नाही, पण मी कामाला राहिले.

त्यांनी मला एकच नियम दिला. पुढच्या दोन्ही सीटना दाराकडच्या कडेला, जिथं कंपनीची बारकी चिठ्ठी शिवलेली असते, तिथं आपलं कापड येऊ द्यायचं नाही. वीतभर जागा मोकळी सोडायची, कडा दुमडून घ्यायच्या. पहिल्या दिवशी सांगितलं, चौथ्या दिवशी सांगितलं, महिन्यानं परत एकदा सांगितलं. मी म्हटलं, "काका, कळलं." ते म्हणाले, "कळलं तर हायच. हाताला कळू दे."

गिऱ्हाइकांना ती जागा बघवायची नाही. नवं कोरं कव्हर आणि दाराकडून जुनी सीट दिसते म्हणजे काय. बायका हळूच मला म्हणायच्या, ताई, एवढं शिवायचं राहिलंय बघा. पुरुष मोठ्यानं म्हणायचे, कापड कमी पडलं का बे? मिस्त्री म्हणायचे, "खिडकी हाय ती. खिडकी लिंपतं का कुणी?"

सीटच्या पट्ट्याचंही तसंच. आपल्याकडे पट्टे सीटच्या मागं खोचलेले असतात, तुम्हीही बघितलं असेल. आणि गाडी टूं टूं करू नये म्हणून खाचेत नुसती पत्र्याची जीभ अडकवतात. मिस्त्री ती काढून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे.

"गाडी वरडती कावून? तुमच्या काळजीनं वरडती. घरात बायको वरडली तर तिच्या तोंडात बोळा घालता का?"

"ती घालू देत न्हाई ना, मिस्त्री," एकजण म्हणाला होता.

"मंग गाडीनं काय घोडं मारलंय?"

काम झालं की सीटवर आधी ते स्वतः बसायचे. पट्टा लावून तीन वेळा जोरात पुढं झुकायचे, पट्ट्यानं तीनदा धरलं पाहिजे. मग चावी फिरवून समोरच्या लाल दिव्याकडे बघत बसायचे, ज्यात बसलेल्या माणसाचं चित्र असतं तो. दिवा लागून विझला म्हणजे पिशवी ठीक, मग गाडी जायची. नाही विझला तर मालक कितीही ओरडोत, सीट परत खाली उतरायची.

एकदा एकजण धडकलेल्या मोठ्या गाडीच्या दोन सीट टेम्पोत घालून घेऊन आला. बसायला सोफ्यासारख्या. माझ्या गाडीत ह्याच टाका म्हणाला. मिस्त्रींनी त्या उन्हात मांडल्या, फिरून बघितल्या. मग पट्टा अडकवायची खाच त्याला दाखवली. ती आखडून खाली गेलेली होती, लगोरीचा ढीग बसावा तशी.

"हिनं एकदा कुणालातरी धरलंय," मिस्त्री म्हणाले. "तिचं काम झालं. आता तिला परत काम सांगू नका."

"दिवा गप करून देणारे हायत म्हनं गावात."

"हायत ना. फुडच्या चौकात जावा."

तो गेला. गिऱ्हाईक घालवलं म्हणून मालक दिवसभर धुसफुसत राहिले. मिस्त्री त्या टेम्पोकडे बघत राहिले होते. मला वाटतं, ज्याला त्या पट्ट्यानं धरलं होतं त्याचं पुढं काय झालं असेल, हे त्यांच्या मनात असावं. मी विचारलं नाही. मी तेव्हा फार काही विचारत नसे.

आता झालं काय ते सांगते. त्या दिवशी मिस्त्री गावी होते. ते नेकनूरचे, रोज एसटीनं यायचे. भावकीत श्राद्ध होतं म्हणून आले नव्हते. मालक माल आणायला गेले होते. आदल्या दिवशी मिस्त्रींनी एका पांढऱ्या गाडीच्या सीट बसवून, दिवा बघून ठेवल्या होत्या. गाडी न्यायला गाडीवाले स्वतःच आले. दिंद्रुडच्या पलीकडच्या एका गावाचे नवे सरपंच, संगं पाच-सहा माणसं. सगळं आवडलं. फक्त दार उघडल्यावर ती मोकळी जागा दिसली.

"ताई, हितं सरपंच लिहा," ते म्हणाले. "मी उतरताना लोकांच्या नजरंत आलं पाह्यजे. जागा बी बरोबर सोडलीय तुमी."

त्यांच्या माणसानं सोनेरी दोऱ्यानं भरलेले दोन जाड तुकडे काढले. दुसरीकडून भरूनच आणले होते.

मी म्हटलं, मिस्त्री उद्या येतील. ते म्हणाले, आजच मिरवणूक आहे. एकजण म्हणाला, बाईला जमत नसंल. माझ्या डोक्यात एकच होतं, हे मालकांना फोन लावतील आणि मालक म्हणतील, परगावची बाई ठेवली आणि गिऱ्हाईक घालवलं. मिस्त्रींचं सांगणं मला आठवत होतं. आठवत नव्हतं असं मी म्हणणार नाही. तरी मी वाकडी सुई आणि नायलॉनचा दोरा घेतला आणि दोन्ही सीटच्या मोकळ्या जागेवर ते तुकडे डबल शिवणीनं बसवले. शिवण सुरेख आली. हात अजिबात कापला नाही.

दुसऱ्या दिवशी सरपंचांनी दुकानाच्या फोनवर फोटो पाठवला. दार उघडं, गळ्यात हार, एक पाय जमिनीवर आणि मागं सोनेरी अक्षरं. मी तो मिस्त्रींना दाखवला. दाखवताना बरं वाटत होतं की भीती वाटत होती, मला आजही नक्की सांगता येत नाही.

मिस्त्रींनी फोटो मोठा करून बघितला. रागावले नाहीत. फोनवर बोटानं ती जागा पुसल्यासारखी केली आणि म्हणाले, "ह्या सीटवर कोन बसतं?"

"मला काय माहीत, काका."

"कात्री घे. दोऱ्याची पिशवी घे. चल."

आम्ही एसटीनं निघालो. वडवणी, तेलगाव, दिंद्रुड, तिथून पुढं रिक्षा. वाटेत ते एकच वाक्य बोलले. "तिथं तू बोलू नको, माय." मी खिडकीतून येणाऱ्या प्रत्येक पांढऱ्या गाडीकडे बघत होते. पिशवी फुगली आणि माझ्या शिवणीनं वाट दिली नाही, तर ती आतल्या आत कुठं जाईल, एवढंच मनात फिरत होतं. माझी शिवण उसवत नाही म्हणून लोक वाखाणायचे.

सरपंचांच्या अंगणात खुर्च्या मांडलेल्या, भेटायला आलेली माणसं बसलेली. मिस्त्रींनी सरळ सांगितलं, गाडीचं एक काम चुकलंय, अक्षरं काढावी लागतील.

सरपंच हसले. "मिस्त्री, लोकांनी निवडून दिलंय. तुमी काढायला निघालात व्हय?"

सगळे हसले. मिस्त्रीही हसले. मग म्हणाले, "फुडं डावीकडं कोन बसतं?"

"आई बसती. कावून?"

आई ओट्यावर शेंगा फोडत होत्या. मिस्त्री सरपंचांना सोडून त्यांच्याकडे गेले आणि पायरीवर टेकले. धोतराचा सोगा मुठीत घट्ट आवळून धरला आणि दुसऱ्या हाताचं बोट त्या सोग्याच्या आत घालून बाहेर काढायला लागले. "आई, गाडीत तुमच्या कुशीला एक उशी हाय. धडक बसली की तिनं बाहेर यायचं, अन् तुमाला झेलायचं. तिच्या दाराला आमी कुलूप लावलंय. बाहेर यायला वाट न्हाई तिला." बोट मुठीत अडकलेलं त्यांनी दाखवलं.

आईंनी मुठीकडे बघितलं, मग लेकाकडे. "काढ रं ते. सरपंच तू हायेस का सीट?"

अंगणात सगळे खाली बघायला लागले. सरपंच लाल झाले. "मंग मी ते लावू कुठं? एवढं भरून आनलंय."

"मागं लावतो," मिस्त्री म्हणाले. "सीटच्या पाठीला. दारातनं एकदाच दिसतंय. मागं बसनारा बीडपस्तोर वाचतोय. अन् मतं मागं बसनारेच देत्यात."

यावर मात्र सरपंचांनाही हसू आलं. मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, काळी तार काढली, फडक्यात गुंडाळली आणि हात काखेत घालून पायरीवर बसले. अख्ख्या अंगणाला बसवलं. कुणीतरी चहा आणला. मग मी गुडघ्यावर बसून एकेक टाका कापला. डबल शिवण होती, वेळ लागला. कात्रीचं टोक आत जाऊ नये म्हणून मिस्त्री माझ्या बोटांवर नजर ठेवून होते. अक्षरं मागं लावली, तार जोडली, चावी फिरवली. दिवा लागला, विझला. आई स्वतः येऊन बसल्या. मिस्त्रींनी त्यांना पट्टा लावून दिला आणि म्हणाले, झुका. त्या झुकल्या. पट्ट्यानं धरलं. "धरतंय की रं," त्या म्हणाल्या.

निघताना सरपंचांनी विचारलं, "पर चूक कुनाची होती?"

मी तोंड उघडलं होतं. मिस्त्री माझ्या पुढं होऊन म्हणाले, "माझी. मी हिला सांगितलंच न्हवतं."

सरपंचांनी तिथूनच आमच्या मालकांना फोन लावला. दुसऱ्या दिवशी मालकांनी दुकानात सगळ्यांपुढं मिस्त्रींना सुनावलं. इतकी वर्षं काम करून एवढं सांगता येत नाही का, कुणी मेलं असतं म्हणजे? मिस्त्री "बरोबर हाय" म्हणत राहिले. मी मशीनवर होते. मशीन बंद होतं, पण मी मान खाली घालून कापड पुढं सरकवत होते.

संध्याकाळी दुकानातून निघताना मी मिस्त्रींना म्हटलं, काका, तुम्ही तीनदा सांगितलं होतं. ते म्हणाले, "चौथ्यांदा सांगाया पाह्यजे होतं." आणि एसटी पकडायला गेले.

पुढच्या वर्षी मालकांनी संभाजीनगरहून एक तरणा फिटर आणला. तो गाडीला मशीन लावतो, सगळी माहिती पडद्यावर येते. माणूस चांगला आहे. मोकळी जागा तोही सोडायला लावतो. पण दोन मिस्त्रींचं काम दुकानात नव्हतं. मालक मिस्त्रींना म्हणाले, वय झालं, आता आराम करा. पुढं म्हणाले, "अन् मागं एकदा चूक बी झाली तुमच्याकडनं." हे मी स्वतः ऐकलं. माझ्यात आणि त्यांच्यात एका सीटएवढं अंतर होतं. त्या वेळी बोलले असते तर कदाचित मिस्त्री राहिले असते आणि मी गेले असते. मी बोलले नाही. मिस्त्रींनी आपला पान्ह्यांचा डबा उचलला, माझ्या मशीनजवळ थांबले आणि म्हणाले, "येतो माय. पोरीला शाळेत धाड." मी मान हलवली.

नेकनूरहून येणारे सांगतात, ते आता घरापुढं ट्रॅक्टरच्या आणि मोटारसायकलच्या सीट भरून देतात. अजून मी गेले नाही. काय तोंड घेऊन जाणार?

पोरगी यंदा दहावीला आहे. तिची परीक्षा झाली की मी मशीनवरून उठणार आहे, मालकांच्या टेबलासमोर उभी राहणार आहे आणि सांगणार आहे की ती अक्षरं मी शिवली होती, तीनदा बजावलेलं असताना, सगळं आठवत असताना. काम गेलं तर जाईल. मग नेकनूरच्या गाडीत बसून मिस्त्रींच्या घरी जाईन आणि त्यांना सांगेन की मालकांना खरं ते कळलंय. मी त्यांचं देणं लागते ते एवढंच, आणि ते मी फेडणार आहे.