फूटपट्टीचा हात

गल्लीत तिला सगळे फूटपट्टी म्हणत. हे नाव बिस्किटांच्या कारखान्यात पडलं होतं. तिथे ती पुडे भरायची, आणि तिचा हात एकदा चालू झाला की एक पुडा वाकडा जाईल तर शपथ. मुकादम नव्या बायकांना तिच्या मागे उभं करायचा आणि सांगायचा, हिचा हात बघा, बाकी काही शिकू नका. मग कारखान्यात पुडे भरणारं यंत्र आलं. तिच्यासकट सगळ्या बायका घरी बसल्या, आणि मुकादमही त्यांच्या मागोमाग.

नवरा रंगाच्या कामावर छाती खराब करून घेतलेला. दोन जिने चढला तरी त्याला धाप लागायची. त्यामुळे घरी बसून चालण्यासारखं नव्हतंच. शेवटी थोरल्या जाऊबाईंनी काम मिळवून दिलं. त्या शेजारच्याच दारात राहायच्या, आणि त्यांच्या तोंडाचा पट्टा सकाळी सुरू झाला की झोपेतच थांबायचा. त्या स्वतः त्याच कामावर जायच्या. म्हणाल्या, काम बसून आहे, पंखा आहे, आणि अक्कल लागत नाही.

टायरच्या दुकानावर एक खोली होती. खिडक्यांना काळा कागद, ओळीने संगणक, आणि समोर बसलेल्या बायका. सगळ्या एकच खेळ खेळायच्या. जगभरातली माणसं एकाच वेळी त्या खेळात उतरायची, लढायची, किल्ले बांधायची. तलवारीसाठी त्यांना एक निळा धातू लागायचा, आणि तो मिळवायला डोंगरातल्या खडकावर तासन्‌तास कुदळ मारावी लागायची. ज्यांना एवढा धीर नसे ते तो या खोलीच्या मालकाकडून विकत घ्यायचे. मालकाच्या वतीने कुदळ मारायच्या या बायका. पडद्यावरचा बाण माऊसने खडकावर न्यायचा, बटण दाबायचं, खडक फुटला की पुढच्या खडकावर.

फूटपट्टीला हे काम आठवडाभरात जमलं. कोणता खडक कधी परत उगवतो हे तिच्या बोटांना कळायला लागलं. डोळे पडद्यावर असायचे, पण हात डोळ्यांच्या पुढे चालायचा. जाऊबाईंचं वेगळं. त्या मध्येच उठायच्या, चहा आणायच्या, पडद्यावरचा माणूस खड्ड्यात पाडायच्या आणि त्यालाच शिव्या घालायच्या. जाऊबाईंची खेळातली टोपली भरायच्या आत फूटपट्टीची दुसरी भरत आलेली असे. मालक तिच्यावर खूश होता. बऱ्याच दिवसांनी कुणीतरी तिच्या हाताचं नाव काढलं होतं, आणि घरी जाऊन ते तिने नवऱ्याला दोनदा सांगितलं.

एके दुपारी खेळात तिच्या खडकाशी निळ्या झग्यातला एक माणूस येऊन उभा राहिला. त्याच्या डोक्यावर परक्या भाषेतली अक्षरं उमटली. खेळात असे चित्रविचित्र लोक येत-जात असत, म्हणून तिने त्याला वळसा घातला आणि काम चालू ठेवलं. पुन्हा अक्षरं उमटली. मग तिच्या समोरचा खडक एकाएकी नाहीसा झाला. तिचा हात मात्र थांबला नाही. रिकाम्या हवेत कुदळीचे घाव बसतच राहिले, आणि ती थांबेपर्यंत पडदा काळा झाला होता.

मालकाने डोकं धरलं. कंपनीने तिचं खेळातलं खातं बंद केलं होतं. निळ्या झग्यातला तो खेळाच्या कंपनीचा पहारेकरी होता. काही लबाड लोक माणसाऐवजी प्रोग्रॅमला खेळायला बसवतात, त्याला बॉट म्हणतात, आणि असे बॉट हुडकून हाकलायचं काम हे पहारेकरी करतात. पण पहारेकरी येतो तो शेवटी. त्याआधी कंपनीचा एक प्रोग्रॅमच सगळ्यांवर नजर ठेवून असतो. दोन घावांमध्ये किती वेळ जातो, बाण सरळ रेषेत जातो की थरथरत, रोज तीच वाट धरतो का, दमतो का, कुणी हटकलं तर बोलतो का, हे तो बघतो. माणसाचा हात वेडावाकडा चालतो. ज्याचा चालत नाही, त्याच्यावर संशय. मग पहारेकरी येतो, हाक मारतो, खडक काढून घेतो. माणूस असेल तर गोंधळून थांबतो. बॉट हवेत कुदळ मारत राहतो.

"म्हणजे मी यंत्र?" तिने विचारलं.

"त्यांच्या लेखी," मालक म्हणाला.

सगळी खोली हसली. जाऊबाई सगळ्यात मोठ्याने हसल्या, आणि नंतर तिचा चेहरा बघून गप्प झाल्या.

मालकाने कंपनीकडे तक्रार केली. तिचा खुर्चीत बसलेला फोटोही जोडला. चहाचा कप तोंडाला लावेपर्यंत उत्तर आलं की आमच्या अधिकाऱ्याने आपलं प्रकरण बारकाईने तपासलं असून निर्णय कायम आहे. मालक म्हणाला, एवढ्या वेळात माणसाला जांभईसुद्धा पुरी देता येत नाही, तिकडेही यंत्रच बसलंय.

त्याने तिला खेळात नव्या नावाने उतरवलं आणि बजावलं, आता माणसासारखं खेळायचं. चुकायचं, भटकायचं, उगाच थांबायचं. परक्या भाषेतली दोन-चार उत्तरं त्याने पाठ करून घेतली. जाऊबाईंना तिच्या शेजारी बसवलं, गुरू म्हणून. जाऊबाई म्हणाल्या, "अगं, घर आवरताना मध्येच जुना फोटो सापडला की कशी बसतेस बघत, तसं कर."

ती कधी तशी बसली नव्हती. तरी तिने मनापासून प्रयत्न केला. काही घाव नीट मारायचे, मग एक मुद्दाम चुकवायचा. एक टोपली भरली की तळ्याकडे चक्कर मारायची. तिला वाटलं, जमलं. पण हात कुणाचा! चूकसुद्धा बरोबर ठरलेल्या घावाला यायची, आणि तळ्याची चक्कर घड्याळ लावल्यासारखी. महिना भरायच्या आत हेही खातं बंद झालं. कळवलेलं कारण मालकाने वाचून दाखवलं: चुकांमध्ये आढळलेला नियमितपणा.

घरी ती चादरींच्या घड्या घालत होती. काठाला काठ लागला आणि ती थबकली. घडी मोडून तिने मुद्दाम वाकडी घालून पाहिली. हाताने ती आपोआप सरळ केली. नवरा खाटेवरून बघत होता.

"काय करतेस?"

"काही नाही. चुकायला शिकतेय."

त्याला हसू आलं आणि हसण्यातून खोकला सुटला. खोकला थांबल्यावर तो म्हणाला की चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. त्याने बरं वाटावं म्हणून म्हटलं होतं. तिला बरं वाटलं नाही. इतकी वर्षं ज्या हाताची लोकांनी वाहवा केली, त्यात माणसाचं काही नव्हतंच की काय, हे तिला विचारायचं होतं, पण असलं विचारायचं कसं ते सुचेना.

मालकाने तिला काढलं नाही, पण खुर्चीही दिली नाही. ती खोली झाडायची, चहा करायची, आणि जाऊबाईंच्या मागे उभी राहून त्यांचं अजागळ काम बघायची. त्या मध्येच डोळा लावायच्या, चुकीचं बटण दाबायच्या, पहारेकरी आला की भाषा येत नसताना त्याच्याशी गप्पा मारायच्या. त्यांना कधी कुणी पकडलं नाही.

मग एका सोमवारी मालकाने सगळ्या बायकांना उभं केलं. संगणक चालू होते आणि खुर्च्या रिकाम्या होत्या. पडद्यांवरची माणसं आपापली कुदळ मारत होती. एक खड्ड्यात पडला, धडपडत बाहेर आला, वाट चुकला, उगाच थांबला. जाऊबाई पुढे वाकून बघायला लागल्या.

"हे माझं आहे," त्या हळूच म्हणाल्या. "मी अशीच पडते."

मालकाने नजर चुकवत सांगितलं की सगळ्या बायकांचा खेळ कितीतरी दिवस नोंदून ठेवला होता. त्यांच्या चुका, त्यांचं थांबणं, सगळं प्रोग्रॅमला शिकवलं. असा प्रोग्रॅम लवकर पकडला जात नाही. तो हे बोलत असतानाच एका पडद्यावर निळा झगा आला आणि अक्षरं उमटली. पडद्यावरच्या माणसाने कुदळ थांबवली आणि उत्तर दिलं. फूटपट्टीने त्यात काय लिहिलंय म्हणून विचारलं.

"माफ करा, मूल रडत होतं," मालकाने वाचलं.

निळ्या झग्यातला वाकून नमस्कार करून निघून गेला.

बायकांनी पिशव्या उचलल्या. रस्ताभर फूटपट्टी वाट बघत होती की जाऊबाई आता काहीतरी बोलतील, मालकाच्या सात पिढ्या उद्धारतील. त्या खाली मान घालून चालत राहिल्या. दाराशी आल्यावर त्यांनी किल्ली लावली, आत गेल्या आणि दार लावून घेतलं. त्या दिवसापासून त्या घरातून बोलण्याचा आवाज यायचा कमी झाला. फूटपट्टी मुद्दाम काहीबाही मागायला जायची. त्या हवं ते काढून द्यायच्या आणि उंबऱ्यात उभ्याच राहायच्या.

फूटपट्टीने नंतर दवाखान्याच्या धुलाईखात्यात विचारलं. तिथल्या बाईने तिला एक चादर घडी करायला दिली, घडी हातात घेऊन उलटीपालटी पाहिली, छान म्हणाली, आणि जागा निघाली की फोन करते म्हणाली. नवऱ्याने फोन उशाशी ठेवायला सुरुवात केली, दोघांपैकी कुणाला ऐकू नाही आला असं नको म्हणून. तो वाजला नाही.