हात लावू नये

तुम्ही तळमळीनं बोलत असताना लोक विहिरीवरच्या जुन्या इंजिनाकडे पळालेत, असं तुमचं कधी झालंय? नाशिकजवळच्या, जुनी अवजारं मांडून ठेवलेल्या शेतबागेत, हुरड्याच्या जत्रेला, माझं दरवर्षी होतं. ‘यंत्र राबणाऱ्यांचं’ हे माझं पत्रक लोक हुरडा बांधायला वापरतात. तिथला इंजिनवाला मात्र नुसतं इंजिनाला “उठा आजोबा!” म्हणत हँडल मारतो आणि गर्दी जमते.

यंदा दोरीबाहेरून एक म्हातारी म्हणाली, “याच्यावर लय मळा भिजवलाय मी.”

इंजिनवाल्यानं ‘हात लावू नये’ची पाटी उपटली. “मग मावशी, तुम्हीच उठवा की!”

दोघांनी हँडल फिरवलं. इंजिन धडधडलं, म्हातारी हसली आणि मी जळलो. माझं अख्खं पत्रक त्यानं एक पाटी उपटून उरकलं होतं.

पुढच्या जत्रेत ती पाटी पुन्हा दिसली, तर तुम्ही उपटा. माझं पत्रक नंतर वाचा.